दुपारी तीन वाजता चुकणारी मेमरी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली दुपार होती. टॉवेलच्या एका कारखान्यासाठी दोन वर्षांपूर्वी केलेले डिझाइन त्यांना थोडा फरक करून पुन्हा हवे होते, म्हणून जुन्या कामांची एक झिप फाइल मी उघडायला घेतली. हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत सरकली आणि थांबली. आतल्या एका फाइलची तपासबेरीज जुळत नाही, फाइल खराब झाली आहे, असा निरोप पडद्यावर आला. मी पुन्हा उघडून पाहिले, तर या वेळी ती फाइल नीट निघाली आणि दुसरीच खराब ठरली. पेन ड्राइव्हवर तिची एक प्रत होती. तिचीही तीच गत. डिस्क गेली असे समजून डिस्कची तपासणी लावली, तर डिस्क ठणठणीत. शेवटी कारखानदाराला उद्या देतो म्हणून फोनवर सांगितले, खिडकीतला कूलर बंद केला, कारण त्यातले पाणी केव्हाच संपले होते आणि तो नुसताच गरम वारा फेकत होता, आणि उठलो. रात्री साडेनऊला, जेवण झाल्यावर, सहज म्हणून तीच झिप पुन्हा उघडली. पहिल्या फटक्यात उघडली. पेन ड्राइव्हवरचीही उघडली. सगळी डिझाइने जागच्या जागी होती.

फाइल मिळाली याचे मला बरे वाटायला हवे होते.

झिप तयार होताना आतल्या प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून 32 बिटांची एक संख्या, म्हणजेच तपासबेरीज, काढून ती सोबत लिहून ठेवलेली असते. उघडताना संगणक तीच आकडेमोड नव्याने करतो आणि दोन्ही संख्या ताडून पाहतो. त्या जुळल्या नाहीत तर फाइल बिघडली असे आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु दुपारी न जुळलेली संख्या रात्री जुळत असेल, तर दोष लिहून ठेवलेल्या गोष्टीत नसून वाचणाऱ्यात आहे, एवढे कळायला फार हुशारी लागत नाही. वाचणारा म्हणजे माझ्या टेबलाखालचा काळा डबा. त्याला असे का झाले असावे हे मला त्याच रात्री ठाऊक होते. फक्त ते स्वतःशी मान्य करायला आणखी तीन दिवस लागले. त्याचे कारण जानेवारीत मी माझ्याच हाताने त्याच्यात घालून ठेवले होते.

हा संगणक 2020 च्या दिवाळीत घेतलेला. सहा कोअरचा, म्हणजे एकाच चिपवर सहा मेंदू असलेला, रायझन 5 3600 हा प्रोसेसर, त्याला साजेसा मध्यम किमतीचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन मेमरी पट्ट्या. चादरी आणि टॉवेलांची जकार्ड डिझाइने करणाऱ्या माणसाला याहून जास्त लागत नाही. पण हल्ली कारखानदारांना कापड विणल्यावर कसे दिसेल याचे चित्र आधी हवे असते, धाग्यांच्या जाडीसकट, आणि ते चित्र तयार होईपर्यंत माझा चहा पिऊन होतो. नवा संगणक घ्यावा तर या वर्षी ते जमण्यासारखे नव्हते. जानेवारीत, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या एका रात्री घरचे सगळे होम मैदानावर गेले होते, खोलीत छान गारवा होता, हातात काम नव्हते, आणि मी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरलो. आहे त्याच यंत्रातून थोडे अधिक काढता आले तर पाहावे, इतकाच विचार होता, असे मी म्हणू शकलो असतो. खरे तर त्यात जुनी हौसही होती.

ती हौस पंचवीस वर्षांपूर्वीची. माझ्या मामेभावाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सेलेरॉन 300ए हा प्रोसेसर असलेला एक संगणक होता. 1998 साली आलेला हा स्वस्तातला प्रोसेसर 66 मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे प्रोसेसरला बाकी संगणकाशी जोडणाऱ्या मार्गावर, साडेचार पटीने, म्हणजे 300 मेगाहर्ट्झवर चाले. तो साडेचारचा गुणक बदलता येत नसे, पण बस बदलता येई. 66 च्या जागी 100 केले की तोच प्रोसेसर 450 वर जाऊन त्या वेळच्या महागड्या पेंटियम 2 च्या जवळपास बरोबरीने पळायचा. काही जण तर प्रोसेसरच्या पट्टीवरच्या एका विशिष्ट संपर्कबिंदूवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून मदरबोर्डला फसवत. दीडपट वेग, तोही फुकट. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती चोरी नव्हती आणि कमाईही नव्हती, पण दोन्हींचा आनंद तिच्यात होता. मामेभावाने संगणक सुरू केला, काळ्या पडद्यावर 450 हा आकडा उमटला आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो, ते हसू मला अजून आठवते. त्या हसण्याच्या शोधात मी जानेवारीत बायोस उघडले असेन तर नवल नाही.

पण काळ तो राहिलेला नाही. आजचा प्रोसेसर कारखान्यातून निघतानाच ताणलेला असतो. माझ्या रायझनवर 3.6 गिगाहर्ट्झ हा मूळ वेग आणि 4.2 हा कमाल वेग छापलेला आहे. तापमान, वीज आणि काम पाहून तो या दोहोंमध्ये सेकंदाला कितीतरी वेळा स्वतःच वर-खाली होतो. एकाच कोअरचे काम असेल तर तो आपणहून 4.2 च्या आसपास जातो. सगळ्या कोअरवर भार पडला की माझ्याकडे तो 4.0 पाशी स्थिरावे. मी केले ते इतकेच, की सगळ्या कोअरना कायमचे 4.2 वर बांधून टाकले आणि त्यासाठी लागणारे व्होल्टेज 1.2 च्या जागी 1.32 दिले. वेग पाच टक्के वाढला. उष्णता मात्र वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज दहा टक्के वाढवले की त्याचा वर्ग एकवीस टक्के वाढतो, आणि त्यावर वेगाचे पाच टक्के. पाच टक्क्यांच्या मिळकतीसाठी मी सत्तावीस टक्के जास्त उष्णता विकत घेतली होती. बाराव्या मिनिटाला तयार होणारे चित्र साडेअकराव्या मिनिटाला तयार होऊ लागले. चहा तेवढाच वेळ पुरत होता.

तरीही त्या रात्री मजा आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. सुरुवातीला मी 4.3 लावून पाहिले होते आणि प्राइम95 चालवले. मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्यासाठी 1996 पासून चाललेल्या सामूहिक प्रकल्पाचा हा प्रोग्रॅम. प्रचंड संख्यांचे गुणाकार करतो आणि उत्तरे बरोबर येतात की नाही यावर स्वतःच नजर ठेवतो, म्हणून प्रोसेसरला ताण देऊन पाहणारे त्याचा वापर करतात. अकराव्या मिनिटाला चौथ्या क्रमांकाच्या कामाची खिडकी थांबली. पूर्णांकनातली तफावत 0.5 आली, ती 0.4 पेक्षा कमी असायला हवी होती, असे त्यात लिहिले होते. बाकीच्या अकरा खिडक्या चालूच होत्या. माउस नीट सरकत होता, मागे लावलेले गाणे न अडखळता वाजत होते, घड्याळाचे सेकंद पुढे जात होते. संगणक सर्वार्थाने सुरळीत दिसत होता आणि त्याचा एक कोअर गणित चुकत होता. मी 4.2 वर उतरलो, रात्रभर प्राइम95 चालू ठेवले, सकाळी बाराही खिडक्या चालू पाहिल्या आणि समाधानाने आंघोळीला गेलो. त्या थांबलेल्या खिडकीने मला जे दाखवले होते त्याचा अर्थ मला मे महिन्यात लागला.

रात्रभराच्या चाचणीबद्दल एक सांगितले पाहिजे. सतत पूर्ण भार असणे ही प्रोसेसरची सर्वांत कठीण अवस्था आहे असे आपल्याला वाटते, पण रोजच्या वापरात त्याला खरा त्रास भार बदलताना होतो. आमच्या बोळात सकाळी एकदम सगळे माग चालू झाले की घरातली ट्यूब क्षणभर फिकी पडत असे. प्रोसेसरच्या तोंडाशीही तसेच होते. विश्रांतीतून अचानक कामाला लागला की त्याचे व्होल्टेज खाली बसते. ते सावरून धरण्यासाठी मदरबोर्डमध्ये एक सोय असते, तिला लोडलाइन कॅलिब्रेशन म्हणतात, आणि ती जास्त ताणली तर भार उतरताना व्होल्टेज उलट वर उसळते. आठ तास प्राइम95 मध्ये टिकलेला संगणक दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडताना बंद पडतो, तो असा. हे मला माहीत होते, ते मी नीट बसवलेही होते, आणि माझा प्रोसेसर मे महिन्यातही चुकला नाही. चुकली ती मेमरी.

मेमरीच्या पट्ट्यांवर 3200 हा वेग लिहिलेला होता, तो सुद्धा एक्सएमपी, म्हणजे पट्टीत आधीच भरून ठेवलेली वेगवान सेटिंग, चालू केल्यावर आणि 1.2 ऐवजी 1.35 व्होल्ट दिल्यावर. मी त्यांना 3600 वर नेले. त्यासाठी सीएल, म्हणजे मागितलेली माहिती यायला किती ठोके थांबायचे तो आकडा, 16 वरून 18 करावा लागला. इथे एक गंमत आहे. 3200 ची मेमरी प्रत्यक्षात 1600 मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर चालते आणि दर ठोक्याला दोनदा माहिती देते. तिचे सोळा ठोके म्हणजे दहा नॅनोसेकंद. 3600 च्या मेमरीचा ठोका 1800 चा; तिचे अठरा ठोके म्हणजेही दहाच नॅनोसेकंद. आकडे दोन्हीकडे वाढले आणि वाट पाहण्याचा वेळ तेवढाच राहिला. दर सेकंदाला पोहोचणारी माहिती मात्र वाढली, आणि प्रोसेसरच्या आतला जो दुवा मेमरीच्या ठोक्याशी बांधलेला असतो तोही 1800 वर गेला, म्हणजे अगदीच व्यर्थ नव्हते. एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित हा लेख लिहावा लागला नसता. पण बायोसमध्ये मेमरीच्या वेळांची पानभर यादी असते, आणि ज्याला ती यादी दिसते त्याचा हात शिवशिवतो. मी टीआरएफसी नावाच्या आकड्याला हात घातला.

मेमरीतला एक बिट म्हणजे विजेचा एक सूक्ष्म साठा आणि त्याच्या दारावर एक ट्रान्झिस्टर. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. 1968 साली तिचे पेटंट मिळाले आणि आजही जगातली जवळपास प्रत्येक रॅम तिच्यावरच उभी आहे. तिच्यात उणे एकच: साठा पाझरतो. माठात पाणी भरून ठेवले तरी तो हळूहळू ओला होत रिकामा होतो, तसा. म्हणून प्रत्येक साठा 64 मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावा लागतो, आणि हे काम मेमरी जन्मभर न थांबता करत असते. माझ्या पट्ट्यांमध्ये असतात तशा चिपांना या भरण्याच्या एका फेरीसाठी 350 नॅनोसेकंद द्यावेत असे प्रमाण ठरलेले आहे. हाच तो टीआरएफसी. तेवढा वेळ मेमरी दुसरे काही करू शकत नाही, म्हणून तो कापला की वेग थोडा वाढतो. मी तो 270 च्या आसपास आणला. प्रमाण ठरवणारे लोक सढळ हाताने ठरवतात, त्यात खूप वाव ठेवलेला असतो, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. वाव होताही. फक्त तो कशासाठी ठेवलेला आहे याचा मी विचार केला नाही. तापमान वाढले की साठा जास्त वेगाने पाझरतो. इतका, की चिपचे तापमान 85 अंशांच्या वर गेले तर 64 ऐवजी 32 मिलिसेकंदांतच तो भरला पाहिजे असे त्याच प्रमाणात लिहिलेले आहे. म्हणजे तो वाव उन्हाळ्यासाठी होता.

आणि मी चाचणी घेतली होती ती जानेवारीच्या रात्री, खोलीत 22 अंश असताना.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत पस्तीस वर्षे जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, विणणाऱ्याला लावून द्यायचा, हे त्यांचे काम. आयुष्य त्या खडखडाटात गेल्याने आता त्यांना कमी ऐकू येते आणि ते स्वतः मोठ्याने बोलतात. दिवाळीच्या आधी मागणी वाढली की मालक त्यांना मोटारीची पुली बदलायला सांगायचे. मोटारीवर मोठी पुली चढवली की माग जास्त पळतो, मिनिटाला चार-दोन धागे जास्त पडतात. लहानपणी सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा मी हे पाहिले आहे: नव्या पुलीवरचा माग थोडा वेळ चालवून अण्णा त्याच्याकडे न पाहता, मान वळवून, नुसते ऐकत उभे राहायचे. पावसाळ्यात बसवलेली पुली ते उन्हाळ्यात उतरवायचे. कोरड्या हवेत सुती धागा कडक होतो आणि तुटतो, त्यामुळे कारखान्यात जमिनीवर पाणी मारायचे, खिडक्यांना ओली पोती लावायची, आणि तरीही जो वेग श्रावणात सहज चालला तो मे महिन्यात चालायचा नाही. मालकाला ते पटवणे हे दुरुस्तीपेक्षा अवघड काम होते, असे ते अजून सांगतात. ही गोष्ट मी डझनभर वेळा ऐकली होती. ती माझ्या टेबलाखालच्या डब्याला लागू असेल असे मला कधी सुचले नाही, कारण कारखाना ही अण्णांची आणि संगणक ही माझी, अशी आमच्या घरात न बोलता झालेली वाटणी होती.

दुपारी झिप उघडली नव्हती त्या दिवशी रात्री मी मेमटेस्ट86 हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावून झोपलो. सकाळी एकही चूक नव्हती. दुसऱ्या रात्रीही नव्हती. एखादा माणूस इथेच थांबला असता आणि दोष झिपवर टाकून मोकळा झाला असता. मलाही तो मोह झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता, खोलीतला तापमापक 41 दाखवत असताना, मी कूलर मुद्दाम बंद ठेवून तीच चाचणी लावली. आमचे जुने घर माळवदाचे होते, त्यात दुपारी झोप लागायची. आताच्या स्लॅबखाली बसले की डोक्यावर कुणी तवा धरल्यासारखे वाटते. चाळीस मिनिटे काही झाले नाही. मग पडद्यावर लाल ओळ आली. मेमरीतला पत्ता, तिथे काय लिहिले होते आणि काय वाचले गेले, असे तीन रकाने. लिहिले होते ओळीने आठ ‘एफ’. वाचले गेले सात ‘एफ’ आणि शेवटी 7. संगणकाच्या लिपीत ‘एफ’ म्हणजे चार एक. 7 म्हणजे एक शून्य आणि तीन एक. एक बिट बदलला होता. सोळा जीबीत सुमारे 13,744 कोटी बिट असतात, त्यांतला एक. मी कॅबिनेटची बाजू उघडून पट्टीला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. पाच मिनिटांनी दुसरी लाल ओळ आली, वेगळ्याच पत्त्यावर.

ती ओळ पाहताना पहिल्यांदा सुटका झाल्यासारखे वाटले, कारण कोडे सुटले होते. नंतर जे वाटले त्याला शब्द मिळायला वेळ लागला. संगणक बंद पडला असता, निळा पडदा आला असता, तर मी त्याच दिवशी सावध झालो असतो. विंडोजच्या नोंदवहीत मी चार महिने मागे जाऊन पाहिले. हार्डवेअरच्या चुकीची एकही नोंद नव्हती. नोंद होणार तरी कशी? प्रोसेसरच्या आत चूक पकडण्याची व्यवस्था असते, पण माझ्यासारख्यांच्या साध्या मेमरीत ती नसते. सर्व्हरच्या मेमरीत दर 64 बिटांमागे आठ बिट राखणीला ठेवलेले असतात, ते एका बिटाची चूक दुरुस्त करतात आणि दोन बिटांची निदान ओळखतात. मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारा एक छोटा काटा असतो. माग वरचेवर थांबू नये म्हणून एखादा कामगार तो काटा सुतळीने बांधून टाकायचा, आणि अण्णा एरवी कुणावर ओरडत नसत ते अशा वेळी ओरडायचे. माझ्या मेमरीत तो काटा मुळातच नव्हता. असे असताना मी पुली मोठी केली होती.

संध्याकाळी अण्णांना हे सांगायला गेलो. सगळे सांगणे शक्य नव्हते, म्हणून एवढेच म्हणालो की संगणक जास्त पळवला होता, थंडीत चालला आणि आता चुका करायला लागला. त्यांनी विचारले, “थांबतंय का चुकल्यावर?” मी नाही म्हणालो. “मग विणलेलं सगळं बघावं लागंल की रे,” ते म्हणाले, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले.

तेच तर मला करता येण्यासारखे नव्हते. जुन्या झिप फाइली तपासता आल्या, कारण त्यांच्यासोबत त्यांची तपासबेरीज होती, आणि त्या सगळ्या शाबूत निघाल्या. पण मार्चच्या मध्यापासून, जेव्हा दुपारी ऊन चढायला लागले तेव्हापासून, मी या संगणकावर जी नवी डिझाइने केली त्यांचे काय? ती मेमरीत असतानाच एखादा बिट बदलला असेल तर डिस्कवर गेली ती चुकीचीच गेली, आणि तिथून पुढे तिची तपासबेरीज त्या चुकीशी इमानाने जुळणार. जकार्डचे डिझाइन म्हणजे चौकोनांचा आलेख. प्रत्येक चौकोन त्या ठिकाणचा उभा धागा वर राहील की खाली एवढेच सांगतो. एक चौकोन चुकला तर कापडात एक टाका चुकतो, आणि डिझाइन टॉवेलभर पुन्हा पुन्हा येत असेल तर तो टाकाही तितक्याच वेळा येतो. मी त्या दोन महिन्यांतल्या एकोणीस फाइली उघडून पडद्यावर मोठ्या करून पाहिल्या. एका टॉवेलच्या काठात, वेलीच्या तिसऱ्या पानाच्या टोकाला, एक चौकोन भरलेला होता जो रिकामा असायला हवा होता. समोरासमोरच्या आठ पानांपैकी त्याच एका पानाला.

ते माझ्या बोटाने झाले की मेमरीने, हे मला सांगता येत नाही. माझ्या हातूनही अशा चुका होतात. महिन्यातून एखादी तरी होते. त्या फाइलचा नमुना कारखान्यात विणून झाला होता, तो मी मागवून घेतला. पिवळसर टॉवेल, कोऱ्या सुताचा वास, काठाला निळी वेल. अण्णांच्या हातात दिला आणि काही सांगितले नाही. त्यांनी चष्मा न लावता काठावरून अंगठा फिरवला, तिसऱ्या पानाशी थांबले, पुढे गेले, पुन्हा मागे आले. चूक कुणाची हे मात्र त्या अंगठ्यालाही सांगता आले नसते. कारखानदाराने तो टाका पाहून, कुणाला दिसतंय, म्हणत हात झटकला. मी फाइल दुरुस्त करून पाठवली आणि आपल्याला आता स्वतःच्या चुकीची खात्री वाटेनाशी झाली आहे, या गोष्टीचा राग कुणावर काढावा हे न समजून दोन दिवस घरात कुरकुरत राहिलो.

प्रोसेसर मी परत त्याच्या स्वाधीन केला. 4.2 चा खुंटा काढला. त्याला जेव्हा जमेल तेव्हा तो जातोच आहे, आणि मे महिन्याच्या दुपारी त्याला जमत नाही तेव्हा तो आपणहून खाली उतरतो, जे माझ्या हौसेला सुचले नव्हते. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाची बारीक धूळ नमद्यासारखी दाटून बसली होती. या गावात ती सगळीकडेच असते. ती काढली, थर्मल पेस्ट नवी लावली, तर पूर्ण भाराखालचे तापमान सहा अंशांनी उतरले. चार महिन्यांच्या माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने यंत्राला जास्त दिले, असे म्हणावे लागेल. कॅबिनेटच्या पुढचा पंखा मेमरीवर वारा जाईल असा हलवला. खोलीतला कूलर संगणकावर थेट सोडायचा नाही, हेही ठरवले, कारण तो हवा थंड करतो ती ओली करूनच, आणि त्या ओलीत ही धूळ चिकटून बसते.

मेमरीबाबत माझे मन अजून पूर्ण मागे फिरलेले नाही, हे कबूल करतो. 3600 सोडवत नव्हते. टीआरएफसी प्रमाणावर परत नेऊन, व्होल्टेज तेच ठेवून, दुपारच्या उन्हात दोनदा चाचणी घेतली. एकदा चार फेऱ्या निर्मळ गेल्या, दुसऱ्यांदा तिसऱ्या फेरीत एक लाल ओळ आली. जानेवारीत मी असे म्हणालो असतो की व्होल्टेज जरासे वाढवून पाहू. आता 3200 वर आलो, पट्टीवर जे छापले आहे त्यावर, सीएल 16, 1.35 व्होल्ट, बाकी सगळे बोर्डाला ठरवू दिले. वाट पाहण्याचा वेळ तसाही दहा नॅनोसेकंदच होता. चित्र पुन्हा बाराव्या मिनिटाला तयार होते.

मात्र तेही दुपारीच तपासायचे होते. परवा साडेबाराला खिडक्या लावून घेतल्या, कूलर बंद केला, ग्राफिक्स कार्डची उष्णता साठावी म्हणून आधी तासभर चित्रे तयार करवून घेतली आणि मग मेमटेस्ट लावले. तापमापक 42 वर. पहिली फेरी निर्मळ, दुसरी निर्मळ, तिसरीही. मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो आणि दर पाच मिनिटांनी मान वळवून पाहत होतो. अण्णा दुपारची झोप उरकून बाहेर आले, खोलीत डोकावले आणि म्हणाले, “काय करायलास आत? खिडकी तरी उघड की.” मी थोडा वेळ थांबा म्हणालो. चौथी फेरी निम्म्यावर आली असताना, पाचच्या सुमारास, लाइट गेली. यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली आहे; ती सहा मिनिटे पिपाणीसारखी वाजली आणि मग ती आणि पडदा दोन्ही बंद झाले. लाइट आली तेव्हा आठ वाजून गेले होते, खोली उतरून 34 वर आली होती, आणि आता चाचणी लावण्यात काही अर्थ नव्हता. मी खिडक्या उघडल्या, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतले आणि उद्या दुपारी घरी असेन का ते आठवू लागलो.